भिंतीपलीकडचा धूर

शेजाऱ्यांचा पाला पेटला की मला आधी वास यायचा आणि मग राग. आता पाला पेटत नाही. राग मात्र धुमसतोच आहे, आणि तो विझावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

हे शेजारी कुठल्याशा सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांना रोज कात्री लावणारे. बोलणं साखरेत घोळलेलं. मला भाभीजी म्हणतात आणि वाक्याच्या आधी ‘माफ़ कीजिएगा’ म्हणतात, म्हणजे पुढे जे येणार आहे त्याची माफी आधीच मागून मोकळे. तोंडात साखर आणि हातात काडेपेटी, असा हा माणूस. आमच्या दोन घरांच्या मध्ये माझ्या खांद्याएवढी भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे त्यांनी निवृत्तीनंतरची पुंजी म्हणून लावलेले सागाचे पाच वृक्ष. मी उभा जन्म कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे झाडाला मी वाईट म्हणणार नाही. पण सागाचं पान सुपाएवढं असतं, थंडी सुरू झाली की ते गळायला लागतं, आणि आमच्या शेजाऱ्यांच्या मते गळलेल्या पानाची एकच गती असते, ती म्हणजे अग्नी.

आमची कॉलनी कानपूर रोडवर, सरोजिनीनगरच्या बाजूला. ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी रेल्वेत, इंजिनांच्या संशोधनात. तीसेक वर्षं आम्ही मानकनगरच्या क्वार्टरमध्ये काढली. निवृत्तीनंतर साताऱ्याला परत जायचं, असं दर दिवाळीला ठरायचं आणि दर होळीला पुढे ढकललं जायचं. शेवटी इथेच घर बांधलं. मागे छोटं अंगण, अंगणात न्हाणीघराला लागून पत्र्याची एक पडवी, आणि पडवीत बंब.

बंबाबद्दल सांगायला हवं. तो माझ्या सासूबाईंचा, तांब्याचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पोटात पाणी, मधोमध उभा नळा, नळ्यात विस्तव, खाली राख पडायला जाळी, बाजूला तोटी. लग्न होऊन मी लखनौला आले तो डिसेंबर होता. धुकं असं की दारातली तुळस दिसेना. क्वार्टरमध्ये गीझर होता, पण मी म्हणाले, ह्या पाण्याने अंग तापत नाही, नुसतं बोचतं. हे संक्रांतीच्या रजेत गावी गेले आणि बंब गोणपाटात बांधून, रेल्वेच्या पार्सलमधून घेऊन आले. तेव्हापासून दिवाळीच्या पहिल्या अंघोळीपासून होळीपर्यंत, रोज सकाळी साडेपाचला हे उठायचे, पडवीत उकिडवे बसायचे, आंब्याच्या ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या रचून बंब पेटवायचे. लाकूड ओलं असलं की फुंकणी लावून फुंकत बसायचे. माझं कॉलेज आठचं. मी उठायचे तेव्हा पाणी कढत असायचं. मी बंब कधी पेटवला नाही. पेटवायची पाळीच आली नाही.

आता भांडणाकडे येते.

पाच वर्षांपूर्वी ह्यांना धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग अंगणात, मग चपला घालताना. हज़रतगंजातल्या एका छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, फोटो काढले, आणि सांगितलं की फुप्फुसं खराब झाली आहेत. जी गेली ती गेली, उरलेली सांभाळायची.

“बीड़ी, सिगरेट?” त्यांनी विचारलं.

“कभी नहीं,” हे म्हणाले.

“फिर धुआँ कहाँ से आया? घर में कोई चूल्हा, अँगीठी, कुछ जलता है?”

“घर में कुछ नहीं,” मी म्हणाले. डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले. “पड़ोसी पत्ते जलाते हैं.”

हे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, बायको आपली बाजू घेते आहे ह्याचं त्यांना बरं वाटलं असेल. डॉक्टर म्हणाले की धुरापासून लांब ठेवा, आता ह्यांच्यासाठी धूर म्हणजे विष. त्या दिवसापासून माझ्या आयुष्याला एकच काम उरलं. ह्या माणसाचा श्वास वाचवायचा, आणि त्यासाठी भिंतीपलीकडची आग विझवायची.

पहिल्यांदा मी गोडीत गेले. ताटलीत करंज्या घेऊन गेले. म्हणाले, ह्यांना त्रास होतो, पाला जाळू नका, मला द्या, माझा खताचा खड्डा आहे. शेजाऱ्यांनी करंजी खाल्ली, वाखाणली, आणि म्हणाले, “माफ़ कीजिएगा भाभीजी, पत्ते तो क़ुदरत की चीज़ हैं. क़ुदरत की चीज़ से किसी को क्या नुक़सान?” वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेला निसर्ग शिकवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता धूर, आणि ह्या वेळी त्यात प्लॅस्टिकचाही वास. मला वाटतं मिठाईचा डबा असावा.

मग मी नियम शोधले. नियमांची आपल्याकडे वाण नाही. पाला, कचरा, प्लॅस्टिक उघड्यावर जाळायला बंदी. फटाके ठरलेल्या वेळेतच, आणि तेही ठरलेल्या प्रकारचे. हे सगळं मी कॉलनीच्या सभेत वाचून दाखवलं. सभेत लोक चहा पीत होते. एकजण म्हणाले की चौकात थंडीचा अलाव तर सरकारच पेटवतं, ओंडके पुरवतं, त्याचं काय? मी म्हणाले, तो रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही रजईत झोपता. होळीचा विषय मी मुद्दाम काढला नाही, कारण चौकातल्या होळीला हात लावला असता तर मला कॉलनीतून उठवलं असतं. पण फाटकाजवळ पाटी लावून घेतली: ‘पत्ते और कूड़ा जलाना मना है’. पाटीचा मजकूर माझा, रंग माझ्या पसंतीचा, आणि ती अशा ठिकाणी की शेजाऱ्यांना फिरायला जाताना रोज दिसावी.

दिसली असणार. पण पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवाळीला ठरलेली वेळ संपून वीस मिनिटं झाल्यावर त्यांनी दारात फटाक्यांची लांबच लांब लड पेटवली. मी गॅलरीत उभी राहून घड्याळ दाखवलं. त्यांनी हात जोडले, अगदी अदबीने, आणि लड पूर्ण वाजेपर्यंत हात तसेच जोडून उभे राहिले. आत हे उशीला टेकून खोकत होते. त्या रात्री मी त्या माणसाचं वाईट चिंतलं. आपण सुशिक्षित लोक असं लिहीत नाही, पण मी चिंतलं. ह्याला एकदा अशी धाप लागावी की काडी ओढायला हात वर जाऊ नये, असं चिंतलं.

मुलगी बंगळूरला असते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदी. फोनवर म्हणाली, “मम्मी, छोड़ो ना यार. पड़ोसी हैं, उम्र हो गई है उनकी.”

मी म्हणाले, “वय तुझ्या बाबांचंही झालंय. त्यांचं सोडू?”

तिने फोन बाबांना द्यायला सांगितलं.

नगर निगमच्या ॲपवर तक्रार करता येते, हे मला कॉलनीतल्या कोणीतरी सांगितलं. सांगणाऱ्याला नंतर पश्चात्ताप झाला असेल. तो सबंध हिवाळा मी तक्रारी केल्या. माझा क्रम ठरलेला होता. सकाळी उठायचं, बंबाच्या पाण्याने अंघोळ करायची, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून गच्चीवर जायचं आणि भिंतीपलीकडचा फोटो काढायचा. त्या बाजूच्या खिडक्यांच्या फटी मी वर्तमानपत्राच्या लगद्याने बुजवल्या होत्या. शेजाऱ्यांच्या बाजूला बसायला ह्यांना सक्त मनाई. हे पडवीत, बंबापाशी बसलेले असायचे, शाल पांघरून, हातात फुंकणी. मला वाटायचं, बरं आहे, जरा छाती शेकते आहे. करवंटीची ऊब. तीच करवंटी शेजाऱ्यांनी जाळली असती तर मी तिचाही फोटो काढला असता.

दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाची म्हण कोणाला आठवली असेल तर त्यांनी ती आपल्यापाशीच ठेवावी. मला ती पाठ आहे.

प्रत्येक तक्रारीत मी लिहायचे: सकाळी सातच्या आत या, म्हणजे रंगेहाथ सापडतील. सरकारी माणूस सातच्या आत कशाला येतो? एकदा दुपारी येऊन गेला, थंडगार राख बघून परत गेला. मी आणखी तक्रारी केल्या. शेवटी कोणीतरी वैतागलं असेल, कारण जानेवारीतल्या एका सकाळी, पावणेसातला, आमची बेल वाजली.

मी नुकती न्हाऊन आले होते. दारात चाळिशीचा एक माणूस, मफलर कानांवरून बांधलेला, मोटरसायकल फाटकाशी उभी. म्हणाला, नगर निगम. मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा विचारला.

“शिकायत आप ही की है ना?” त्याने मोबाइल बघत विचारलं.

“हाँ. चलिए, दिखाती हूँ. उधर.”

“मैडम, उधर देख आया. उधर तो कुछ नहीं जल रहा. पत्ते ओस से भीगे पड़े हैं.” मग त्याने मान वर केली आणि आमच्या छपरामागे बोट केलं. “धुआँ तो आपके यहाँ से उठ रहा है.”

मी वळून बघितलं. धुकं दाट होतं आणि त्यात आमच्या पडवीवरून धुराचा एक जाड, निळसर दोर सरळ वर चढत होता. इतकी वर्षं मी त्या घरात राहते, पण रस्त्यावरून त्या वेळी आमच्या घराकडे कधी बघितलं नव्हतं. मी बघायचे ती गच्चीवरून, आणि ते दुसरीकडे.

“वह धुआँ नहीं है,” मी म्हणाले. खरंच असं म्हणाले. “वह तो नहाने का पानी है.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी परीक्षेत अडखळणाऱ्या पोरींकडे बघायचे. मी त्याला मागे नेलं. मला वाटलं, बंब बघितला की त्याला कळेल. असा देखणा बंब, दिवाळीला चिंच-मीठ लावून घासलेला. हे तिथे बसलेले होते. पाहुणा बघून उठायला गेले आणि धाप लागून परत बसले.

“जलता तो है ना, मैडम,” तो माणूस म्हणाला. आवाजात कुठलीही खोच नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

एवढ्यात भिंतीवर माकडटोपी उगवली. शेजारी. पायाखाली खुर्ची घेतली असणार, कारण कमरेपर्यंत दिसत होते. त्यांनी सगळं बघितलं: निगमचा माणूस, मी, बंब, हे. मी तीन हिवाळे ज्या क्षणाची वाट बघत होते तो क्षण आला होता, पण त्यांच्या बाजूने. चोर तो चोर वर शिरजोर, असं मला ओरडून म्हणायचं होतं, पण चोर कोण हा प्रश्न नेमका त्याच वेळी उघडा पडला होता.

“माफ़ कीजिएगा भाभीजी,” ते म्हणाले. “मेरे पत्ते तो हफ़्ते में दो दिन जलते हैं, वह भी खुले में. भाई साहब तो रोज़ सुबह इसके मुँह के आगे बैठते हैं. छत के नीचे. मैं तो सालों से देख रहा हूँ. मैंने कभी कुछ कहा?”

ते हसले नाहीत. हसले असते तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांना ते वाक्य बोलताना सुख झालं, हे मी बघितलं. आजारी माणसाच्या डोक्यावरून, त्याच्या बायकोला, सरकारी माणसासमोर, इतकी वर्षं राखून ठेवलेलं वाक्य. ते त्यांनी ह्यांच्यासाठी आधी कधी उच्चारलं असतं तर? एकदा, करंजी खाताना? नाही. भांडणात कामाला येईल म्हणून जपून ठेवलं. त्याबद्दल मी त्यांना माफ करणार नाही, मग ते किती का खरं असेना.

नगर निगमच्या माणसाने दोन्ही घरांना तोंडी ताकीद दिली, पुढच्या वेळी नोटीस येईल म्हणाला, आणि जाताना ह्यांना म्हणाला, “अंकल, आप अंदर बैठा कीजिए.” चहा घेतला नाही.

त्याच आठवड्यात मी ह्यांना घेऊन परत हज़रतगंजला गेले आणि डॉक्टरांना बंबाचं सांगितलं. सांगताना आवाज असा लागला की जणू शेजाऱ्यांचीच तक्रार करते आहे. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं? मी सांगितलं. रोज? हिवाळ्यात रोज. कोण पेटवतं? मी ह्यांच्याकडे बोट केलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग पेन ठेवून म्हणाले, “मैंने तो पहले ही दिन पूछा था.”

बाहेर आलो. गर्दीतून ह्यांना चालवेना, म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि ऑटो शोधायच्या आधी मी विचारलं.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

हे श्वास जमवत होते. ह्यांचा जन्म इंजिनांमध्ये गेला. कुठलं इंजिन किती धूर ओकतं, कुठलं इंधन अर्धवट जळतं, त्या धुरात काय असतं, ह्यावर ह्यांनी रिपोर्ट लिहिले आहेत; त्यातले काही मी टाइप केले आहेत.

“म्हणजे काय,” हे म्हणाले. “ज्वलन माझाच तर विषय.”

“मग बंद का नाही केलात? गीझर होता. दोन्ही घरांत होता. मी डॉक्टरला तोंडावर सांगितलं, घरात काही जळत नाही, तेव्हा तरी बोलायचं होतं.”

“तुला गीझरचं पाणी बोचतं ना.”

हे अगदी सहज म्हणाले. मी ऑटो शोधायला गेले आणि दोन ऑटो तशाच जाऊ दिल्या.

त्याला आता दोन हिवाळे झाले. बंब माळ्यावर आहे, गोणपाटात. दिवाळीला मी तो खाली काढत नाही आणि घासतही नाही. ह्यांच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन असतं, दिवसरात्र घुरघुरतं. डॉक्टर म्हणतात, उतरण थांबली आहे असं नाही, पण सावकाश झाली आहे. शेजाऱ्यांनी पाला जाळणं बंद केलं. पोती भरून भिंतीवर ठेवतात, मी ती ओढून घेते आणि खड्ड्यात टाकते. आभार मानत नाही. ते भाभीजी म्हणतात, मी मान हलवते. पाटी अजून फाटकापाशी आहे. मुलगी म्हणते, “अब तो दोस्ती कर लो.” तिला काय सांगू? पोती खरी, सागाचं खत उत्तम होतं, सगळं खरं. पण त्या सकाळी भिंतीवर उगवलेलं ते तोंड मला अजून दिसतं, आणि मी कोणाचा तरी राग केल्याशिवाय जगू शकत नाही. त्यांचा नाही केला तर जवळचं दुसरं माणूस एकच आहे, आणि ती रोज आरशात दिसते.

सकाळी मी गीझर लावते. मशीनची नळी नीट बसली आहे ना बघते आणि न्हाणीघरात जाते. पाणी चांगलं कढत असतं, मऊ असतं. बोचत नाही. तेव्हाही बोचत नव्हतं. बावीस वर्षांची मी, आईपासून हजार कोसांवर, धुक्यात येऊन पडले होते. लखनौला नावं ठेवता येत नव्हती, नवऱ्याला ठेवता येत नव्हती, म्हणून गीझरला ठेवली. दुसऱ्या दिवशी मी ते विसरले. हे विसरले नाहीत.

हे मी ह्यांना सांगणार होते. सांगता आलं नाही, कारण ज्यासाठी ह्यांनी आपला श्वास घालवला ते नव्हतंच, असं कसं सांगायचं? ते त्यांच्याकडे राहू दे.

रोज पाण्याचा आवाज सुरू झाला की हे खोलीतून, मधे थांबत, विचारतात, “अगं, पाणी बोचतंय का?”

“थोडंसं,” मी म्हणते.